कुर्डुवाडी जंक्शनला गाडी बदलताना

बार्शी माझं गाव आणि पुणे पोटापाण्याचं ठिकाण. त्यामुळे गेली वीसेक वर्षं दिवाळी, यात्रा, लग्नकार्य, आईचं दवाखान्याचं जाणं-येणं, सगळं कुर्डुवाडीच्या फलाटावरून झालं. ओळखीपाळखीत कुणाला पंढरपूरला किंवा लातूरकडे रेल्वेनं जायचं असलं की फोन मला येतो. "कुर्डुवाडीला उतरायचं म्हणतायत, पण पुढं काय?" हे पुढं काय, एकदा नीट लिहून ठेवतो. घरच्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघणाऱ्यांनी तर निघायच्या आधी वाचाच.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगतो. बहुतेक लोक पुण्या-मुंबईहून निघायची गाडी आधी ठरवतात आणि पुढचं पुढं बघू म्हणतात. कुर्डुवाडीला नेमकं हेच अंगाशी येतं. मेन लाइनवर, म्हणजे पुणे-सोलापूर मार्गावर, दिवसरात्र गाड्या आहेत, एक गेली तर दुसरी मिळते. पंढरपूर आणि बार्शीच्या बाजूला मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून हिशेब उलटा करायचा. पुढची गाडी आधी पक्की करायची आणि तिच्यावरून मागे येत घर सोडायची वेळ काढायची.

चार वाटा डोक्यात पक्क्या करा

कुर्डुवाडी सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात आहे. इथून चार दिशांना रूळ जातात. एक वाट केम, जेऊर, भिगवणवरून दौंड आणि पुणे-मुंबईकडे. दुसरी माढा, मोहोळवरून सोलापूरकडे. या दोन मिळून मेन लाइन. तिसरी मोडनिंब, आष्टीवरून पंढरपूरला आणि तिथून पुढे मिरजेला. चौथी बार्शी, धाराशिववरून लातूरला आणि पुढे लातूर रोडकडे.

अंतरंही लक्षात असू द्या. पुण्याहून कुर्डुवाडी साधारण 185 किलोमीटर, कुर्डुवाडीहून सोलापूर 80 च्या आसपास, पंढरपूर पन्नास-बावन्न, बार्शी पस्तीसेक. लातूर दीडशेच्या घरात. पंढरपूर आणि बार्शीला एसटीचा पर्याय का टिकून आहे, ते या आकड्यांवरून कळतं. लातूरचं तसं नाही. तिथली गाडी चुकली तर सगळा दिवस जातो.

शाखेवरच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वाटेवरच्या, काही गाड्या मेन लाइनवरून थेट येतात. मुंबईहून लातूर आणि बीदरकडे जाणाऱ्या एक्सप्रेस कुर्डुवाडीवरूनच वळतात. दादरहून पंढरपूरला येणारी एक्सप्रेस आता पुढे मिरजेवरून साताऱ्याला जाते. कोल्हापूर-नागपूर एक्सप्रेस मेन लाइन ओलांडून पंढरपूरकडून लातूरकडे जाते, आणि कोल्हापूर-धनबाद दीक्षाभूमी एक्सप्रेसही. यातल्या बऱ्याच गाड्या आठवड्यातल्या ठरावीक वारांनाच असतात. तेव्हा पहिलं काम हे: तुमच्या तारखेला थेट गाडी आहे का ते बघा. असली तर पुढचा निम्मा लेख सोडून दिला तरी चालेल. म्हातारं माणूस सोबत असताना गाडी न बदलता मिळणारा प्रवास दोन तास जास्त घेत असला तरी तोच घ्यावा, हे माझं ठाम मत.

थेट गाडी नसली तर मेन लाइनची गाडी निवडताना कुर्डुवाडीला थांबा आहे का, ते तपासा. हुतात्मा आणि सिद्धेश्वर एक्सप्रेस थांबतात. फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारतही थांबते. पण मुंबईहून येताना ती रात्री पोचते, आणि त्या वेळी पंढरपूर-बार्शीकडे जायला फारसं काही हाताशी नसतं. घ्यायला येणारं कुणी असलं तरच ती सोयीची. मेन लाइनवरच्या सगळ्याच लांब पल्ल्याच्या गाड्या इथे थांबत नाहीत, त्यामुळे "सोलापूरकडे जाते म्हणजे कुर्डुवाडीला थांबतच असणार" असं धरून चालू नका.

हे जंक्शन झालं कसं

दोन परिच्छेद इतिहासाचे लिहितो. नावांचा घोळ त्यातूनच सुटतो.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन 1859 मध्ये इथवर आली आणि पुढच्या वर्षी सोलापूरला पोचली. बार्शी तेव्हा कापसाची मोठी पेठ होती, पण रूळ तिला बाजूला ठेवून गेले. म्हणून या स्टेशनला नाव मिळालं बार्सी रोड, म्हणजे बार्शीला जायची वाट जिथून फुटते ती जागा. ती वाट रुळांची केली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं. अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटर रुंदीची बार्शी लाईट रेल्वे 1897 मध्ये धावली. रूळ हलके आणि स्वस्त ठेवायचे, पण वजन सगळ्या आसांवर सारखं वाटून द्यायचं, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, ही त्याची युक्ती. आठ जोडचाकांची इंजिनं आणि मोठाले डबे त्या बारक्या रुळांवरून सुखानं धावले, आणि नॅरोगेज (अरुंद रुळांच्या लाइन) बांधणाऱ्यांसाठी बार्शी लाईट हा धडा झाला. 1906 मध्ये ती पंढरपूरला पोचली, 1911 मध्ये लातूरला, 1927 मध्ये मिरजेला. 1954 साली सरकारनं ती ताब्यात घेतली. नॅरोगेजच्या काळापासून कुर्डुवाडीला रेल्वेचा कारखाना आहे. गावातल्या कित्येक घरांच्या चुली त्यावर पेटल्या.

ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रूळ, तुकड्यातुकड्यानं झालं. पंढरपूरची बाजू आधी, लातूरची बाजू 2008 मध्ये पुरी झाली, त्यानंतर दोनेक वर्षांत मिरजेची. नव्या मार्गानं थोडं वळण घेऊन धाराशिवलाही जोडलं. जिल्ह्याचं ठिकाण असून बार्शी लाईटच्या रुळांवर ते कधी नव्हतं. एप्रिल 2016 मध्ये लातूर पाण्यावाचून तडफडत होतं, तेव्हा मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी याच रुळांवरून गेली. दहा टाक्या, पाच लाख लिटर पाणी, साधारण 340 किलोमीटर. रूळ नॅरोगेजच राहिले असते तर ब्रॉडगेजच्या त्या टाक्या इथून जाऊच शकल्या नसत्या. या शाखेवर गाड्या वाढवा असं आम्ही मागतो, त्यामागे अशा आठवणी आहेत.

शोधताना नावं चुकवू नका

ॲपवर इंग्रजीत शोधताना बार्शीच्या स्पेलिंगात 'एच' नसतो आणि स्टेशनचं नाव बार्सी टाउन आहे. नावापेक्षा कोड टाकलेला बरा. कुर्डुवाडी के-डब्ल्यू-व्ही, बार्शी बी-टी-डब्ल्यू, पंढरपूर पी-व्ही-आर, लातूर एल-यू-आर, मिरज एम-आर-जे.

सगळ्यात महाग पडणारी चूक लातूर आणि लातूर रोडची. लातूर रोड हे चाकूर बाजूचं वेगळं जंक्शन आहे, लातूर शहरापासून तीसेक किलोमीटर लांब. त्याचा कोड एल-टी-आर-आर. जुन्या बार्सी रोडसारखंच हेही नाव. जिथे जिथे 'रोड' दिसेल तिथे गाव स्टेशनापासून दूर आहे असं समजायचं.

उलटा हिशेब, प्रत्यक्षात

समजा, पंढरपूरला जायचंय. कागद घ्या. वर लिहा: कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे त्या दिवशी सुटणाऱ्या सगळ्या गाड्या, वेळेसकट. कोणत्या वारी कोणती आहे तेही. त्यातली तुम्हाला सोयीची निवडा आणि तिच्या खालच्या ओळीत तिच्यानंतरची गाडी लिहा. हीच तुमची राखीव गाडी. राखीव गाडी संध्याकाळची असेल किंवा नसेलच, तर एसटी लिहा.

आता मागे या. मेन लाइनची गाडी कुर्डुवाडीला पोचण्याची वेळ आणि शाखेची गाडी सुटण्याची वेळ यांत किती अंतर हवं? मी असं धरतो. पुण्याहून किंवा सोलापूरहूनच सुटणारी गाडी असेल तर एक तास पुरतो. मुंबईहून येणारी असेल तर दीड तास. दक्षिणेतून किंवा उत्तरेतून हजार किलोमीटर तोडून येणारी असेल तर तीन तासही कमीच. आणि शाखेची गाडी त्या दिवशीची शेवटची असेल, तर या सगळ्यात आणखी एक तास मिळवा. फलाटावर तासभर बसून कंटाळा येतो, हे खरं. पण डोळ्यांदेखत शेवटचा डबा निघून जाताना बघण्यापेक्षा तो कंटाळा बरा.

उशीर कुठे होतो तेही सांगतो. दौंड-सोलापूर मार्गाचं दुहेरीकरण झाल्यापासून मेन लाइनचा जाच बराच कमी झाला. शाखेवर मात्र एकेरी रूळ आहे. समोरून गाडी येणार असली की तुमच्या गाडीला एखाद्या छोट्या स्टेशनात क्रॉसिंगसाठी थांबावं लागतं. मोडनिंबला किंवा शेंद्रीला गाडी वीस मिनिटं उभी राहिली तर घाबरून खाली उतरू नका, समोरची गाडी आली की सुटते. उलट प्रवासात, म्हणजे बार्शी-पंढरपूरहून येऊन कुर्डुवाडीला मुंबईची गाडी पकडताना, या क्रॉसिंगसाठी वेळ सोडलाच पाहिजे.

निघायच्या आदल्या रात्री आणि निघताना, दोन्ही वेळा एनटीईएसवर (गाडी कुठे आहे ते दाखवणाऱ्या रेल्वेच्या ॲपवर) गाडीचं धावणं बघा किंवा 139 या रेल्वेच्या चौकशी क्रमांकाला फोन करा. छापील वेळापत्रकावर, आणि या लेखासारख्या कुठल्याही लिखाणावर, वेळेसाठी विसंबू नका. म्हणूनच मी गाड्यांच्या वेळा इथे दिलेल्या नाहीत.

तिकीट एक काढायचं की दोन

जनरलनं जाणार असाल तर एकच तिकीट काढा. पुणे ते पंढरपूर, व्हाया कुर्डुवाडी. खिडकीवर 'व्हाया कुर्डुवाडी' तोंडानं सांगा आणि हातात आल्यावर तिकिटावर वाचून घ्या, कारण पंढरपूरला मिरजेवरूनही वाट आहे आणि तिचं अंतर व भाडं जास्त. पुढची गाडी धरण्यासाठी जंक्शनवर उतरणं म्हणजे प्रवास मोडणं होत नाही, त्यामुळे कुर्डुवाडीला पुन्हा रांगेत उभं राहायची गरज नाही. 200 किलोमीटर किंवा त्याहून लांबचं जनरल तिकीट तीन दिवस आधीही मिळतं, आणि पुणे-पंढरपूर त्यात बसतं. कुर्डुवाडी-बार्शी किंवा कुर्डुवाडी-पंढरपूर एवढंच तिकीट असेल तर ते त्याच दिवसाचं. काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्या दिशेची पहिली गाडी त्यानंतर असेल तर तिनं, निघालं पाहिजे. सकाळी घरून निघताना काढून ठेवलं आणि दुपारच्या गाडीत बसलं, असं चालत नाही.

इथेच एकदा मला दंड बसला. साधं जनरल तिकीट खिशात होतं आणि समोर आली ती सुपरफास्ट. घाई होती, चढलो. सेकंड क्लासला सुपरफास्टचे जादा 15 रुपये लागतात, ते मी भरलेले नव्हते. टीसींनी फरकासोबत दंडाची पावती फाडली आणि शांतपणे सांगितलं, "पुढच्या वेळी खिडकीवरच सुपरफास्ट मागून घेत जा, दादा." चूक माझीच होती. तेव्हापासून मेन लाइनसाठी मी सुपरफास्टचंच तिकीट मागतो. पंधरा रुपयांत समोर येईल त्या गाडीच्या जनरल डब्यात चढायची मुभा मिळते. विनातिकीट सापडलात तर भाड्याव्यतिरिक्त किमान 250 रुपये दंड आहे.

मोबाईलवर काढायचं असेल तर रेलवन ॲप आहे. पेपरलेस तिकीट फलाटावर उभं राहून निघत नाही, स्टेशनच्या आत शिरण्याआधी काढा. आत आलाच असाल तर स्टेशनवर लावलेला क्यूआर स्कॅन करून काढता येतं.

आरक्षण करणार असाल तर दोन गाड्यांची दोन तिकिटं होतात, आणि तिथे एक काम कुणीच करत नाही. दोन पीएनआर (तिकिटांवरचे आरक्षण क्रमांक) एकमेकांना जोडायचे. आयआरसीटीसीवर ही सोय 2019 पासून आहे. दोन्ही तिकिटांवर प्रवासी तेच हवेत आणि पहिल्या गाडीचं उतरायचं स्टेशन तेच दुसरीचं चढायचं. पहिल्या गाडीला उशीर झाल्यानं दुसरी चुकली, तर जोडलेल्या दुसऱ्या तिकिटाचे पैसे कापून न घेता परत मिळतात. त्यासाठी पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांच्या आत खिडकीचं तिकीट जमा करायचं, ई-तिकीट असेल तर ऑनलाइन टीडीआर (पैसे परत मागायचा अर्ज) भरायचा. पीएनआर जोडलेले नसतील तर दुसऱ्या गाडीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी.

आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं सकाळी 10 ला आणि स्लीपरचं 11 ला. हा 'आदला दिवस' गाडी जिथून निघते त्या स्टेशनच्या तारखेवरून मोजतात. मुंबईहून आज निघून कुर्डुवाडीला उद्या येणाऱ्या गाडीचं तत्काळ त्यामुळे तुम्हाला वाटतं त्याच्या एक दिवस आधीच उघडून संपलेलं असू शकतं.

कुर्डुवाडीहून चढायचं असेल आणि वेटिंगच दाखवत असेल, तर गाडी सुटते त्या पहिल्या स्टेशनपासूनचं तिकीट मिळतंय का ते बघा आणि चढायचं ठिकाण बदलून कुर्डुवाडी करून घ्या. मधल्या स्टेशनांचा कोटा छोटा असतो, त्याची वेटिंग लवकर सरकत नाही. पैसे थोडे जास्त जातात, पण हे पूर्ण नियमात बसतं. बदल गाडी सुटण्याच्या 24 तास आधी करा. न बदलता राहिलात तर मागच्या स्टेशनवर तुम्ही आला नाहीत म्हणून टीसी जागा दुसऱ्याला देऊ शकतो.

रात्री बारानंतरची तारीख

याला वेगळा मथळा दिलाय, कारण यात सुशिक्षित माणसंही फसतात. मुंबईहून रात्री निघालेली लातूरची गाडी कुर्डुवाडीला येते ती दुसऱ्या तारखेला, पहाटेच्या सुमारास. तुम्ही कुर्डुवाडीहून चढणार असाल तर तिकिटावरची चढण्याची तारीख बघा, मुंबईहून निघायची नव्हे. 'रविवारी रात्री दोनची गाडी' म्हणजे रविवार उजाडायच्या आधीचे दोन, शनिवारी जेवून झोपायच्या ऐवजी स्टेशनवर जायचं ते. घरच्यांना सांगताना वार सांगू नका. "शनिवारी रात्री जेवलो की निघायचं" असं सांगा.

उतरताना आणि फलाटावर

पुण्याकडून येताना केम ही खूण. कुंकवासाठी नावाजलेलं हे गाव गेलं की बर्थखालचं सामान बाहेर काढा. सोलापूरकडून येत असाल तर माढा गेलं की उठा. थांबा मोजक्या मिनिटांचा असतो. रात्रीचं उतरायचं असेल तर 139 वर डेस्टिनेशन अलर्ट (स्टेशन जवळ आलं की सावध करणारी सूचना) लावा आणि वर स्वतःच्या फोनचा गजरही. मी समोरच्या बर्थवरच्या माणसालाही सांगून ठेवतो. आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वी आत्याला घेऊन आलो ती पहाट आठवते. आत्या पंच्याहत्तरीची, गुडघे दुखरे. डबा नेमका फलाटाच्या टोकाला आला. खाली पाय टाकताना तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की उतरल्यावरही तिच्या बांगड्यांचे वळ दिसत होते. समोर पिवळ्या दिव्याखाली एक वारकरी बाई डोक्यावर तुळस घेऊन बसली होती, वृंदावन खाली न ठेवता. आत्यानं विचारलं, "कुठल्या गं बाई तुम्ही?" "नांदेडकडच्या, माय. गाडीला अजून वेळ हाय, बसा." आत्या तिच्या शेजारी पिशवीवर टेकली आणि गाडी येईपर्यंत दोघी पोरांबाळांचं बोलत राहिल्या. त्या वेळी मी हाताशी तासभर जास्त ठेवला होता म्हणून हे झालं. नाहीतर जिन्यावरून आत्याला ओढतच न्यावं लागलं असतं.

तेव्हा उतरल्यावर धावू नका. आधी उभे राहा आणि इंडिकेटर बघा, घोषणा ऐका. पुढची गाडी कोणत्या फलाटावर येणार, हे फलाट बदलायच्या आधी चौकशीच्या खिडकीवर विचारून घ्या. काल तीन नंबरला आली म्हणून आज तिथेच येईल असं नाही. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची हवी असेल तर स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात विचारा, आणि रूळ ओलांडायचा शॉर्टकट कुणी दाखवला तरी घेऊ नका. मेन लाइनवर न थांबणारी गाडी किती वेगानं जाते, हे फलाटाच्या कडेला उभं राहिलेल्यालाच कळतं.

गाडी आली की तिच्या डब्यावरची पाटी वाचा, दिशा वाचा. कोल्हापूर-नागपूरसारखी गाडी दोन्ही दिशांना याच स्टेशनातून जाते, एक पंढरपूरकडे आणि एक बार्शीकडे. चढण्याआधी दारातल्या माणसाला एक प्रश्न विचारा: "पंढरपूरला जाते ना?" 'कुर्डुवाडीवरून जाते ना' असा नव्हे, कारण त्याचं उत्तर दोन्ही गाड्यांत होच येणार. जंक्शनवर एखाद्या गाडीचं इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावलं, की डब्यांचा क्रम उलटतो. पुढे असलेला जनरल मागे जातो. आधीच टोक धरून उभे असाल तर घोषणेवर कान ठेवा.

खाण्याचं घरून न्या. रात्री-पहाटे स्टॉल उघडा सापडेलच असं नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दोन दिवस टिकते, हात माखत नाहीत, आणि शेजारच्याला देता येते. उन्हाळ्यात पाण्याच्या दोन बाटल्या माणशी. माढ्याकडचं एप्रिल-मेचं ऊन पुणेकरांना सोसत नाही.

गाडी चुकलीच तर

आधी पीएनआर जोडलेले असतील तर पैशांची सोय करा, कारण तीन तासांचं घड्याळ सुरू झालेलं असतं. मग कागदावरची राखीव गाडी बघा. ती दोन तासांच्या आत असेल तर स्टेशनवरच थांबा. नसेल तर एसटी. कुर्डुवाडीला एसटीचा डेपो आहे, पंढरपूर आणि बार्शीच्या गाड्या दिवसा मिळतात. रात्री उशिरा बायकामुलांसह उतरला असाल तर अनोळखी जीपमध्ये बसू नका, उजाडेपर्यंत प्रतीक्षागृहात थांबा. सामान, छेडछाड, तब्येत, कशाचीही अडचण आली तर 139 हाच मदतीचाही नंबर आहे.

तुमची चढायचीच गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही जाणार नसाल, तर पूर्ण पैसे परत मिळतात. मात्र टीडीआर ती गाडी प्रत्यक्ष सुटण्याच्या आधी भरावा लागतो. बस मिळाली, निघालो, घरी जाऊन भरू, असं केलं की पैसे गेले.

वारीच्या दिवसांत

आषाढीला वरचं गणित बदलतं. रेल्वे दरवर्षी जादा गाड्या सोडते. नागपूर, अमरावती, खामगाव, भुसावळ, लातूरकडून पंढरपूर-मिरजेकडे, आणि मिरज-कुर्डुवाडी अशा फेऱ्याही. यांची यादी आषाढीच्या काही आठवडे आधी जाहीर होते, ती मध्य रेल्वेच्या सूचनांतच बघा. मोबाईलवरच्या गटात फिरत असलेल्या फोटोंवरच्या वेळा बहुधा गेल्या वर्षीच्या असतात.

जाताना गर्दी चारपाच दिवसांत विभागलेली असते. येताना द्वादशीला एकदम लोटते. शक्य असेल तर एकादशीचं दर्शन किंवा कळसदर्शन घेऊन पौर्णिमेपर्यंत थांबा आणि गोपाळकाल्यानंतर निघा. थांबता येत नसेल तर द्वादशीला पंढरपूरहून निघताना कुर्डुवाडीच्या पुढच्या गाडीसाठी चार तास हाताशी ठेवा. म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात नाव, गाव आणि घरचे दोन फोन नंबर लिहिलेला पुठ्ठा दोऱ्यानं बांधा. फोन हरवतो, पुठ्ठा राहतो. गट फुटला तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा, आणि ती जागा फलाट नको. तिकीट खिडकीसमोर ठरवा, फलाट ऐनवेळी बदलतो.

पंढरपूर स्टेशनपासून देऊळ दीड-दोन किलोमीटर. एरवी रिक्षा मिळते. आषाढीत रस्ते बंद असतात, चालावंच लागतं, हे धरून सामान भरा. एका माणसामागे एक पिशवी, खांद्याला अडकवता येईल अशी. चाकांची बॅग त्या गर्दीत ओढता येत नाही. आत्याची बॅग मी शेवटी डोक्यावर घेतली आणि ती माझ्या शर्टाचं टोक धरून मागे आली.